माझीच तक्रार, माझ्याच टेबलावर

पाणीपुरवठ्याचं टेबल माझ्याकडून काढून घेतलं त्या दिवशी साहेबांनी मला पेढा दिला. त्यांच्या घरी काही आनंदाची बातमी होती म्हणून पेढे आले असतील, मला वाटलं. तसं नव्हतं. पेढा माझ्यासाठीच होता. सरकारनं प्रत्येक ऑफिसात लिंगसमानतेसाठी एक नोडल अधिकारी नेमायला सांगितलं होतं आणि आमच्या ऑफिसातून तो मान मला मिळाला होता. आदेशाच्या कागदाला दोन परिच्छेद होते. पहिल्यात माझी नेमणूक. दुसऱ्यात, या नव्या जबाबदारीमुळे माझ्याकडचं पाणीपुरवठ्याचं काम दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपवण्यात येत आहे, असं. मी पेढा तोंडात टाकला तेव्हा दुसरा परिच्छेद वाचला नव्हता.

मी कुठल्या ऑफिसात काम करते ते लिहीत नाही. बेळगाव जिल्ह्यात अशी ऑफिसं पुष्कळ आहेत आणि यातलं कुठलंही दुसऱ्यापेक्षा फार वेगळं नाही. मी बेळगावात खासबागेत राहते, रोज सकाळी बस धरून तालुक्याच्या गावी जाते. घरी मराठी, ऑफिसात कानडी. लोकांना वाटतं की आमच्या सीमाभागात सगळी भांडणं भाषेची. मी वीस वर्षं दोन्ही भाषांतून नोकरी केली. बाईला कुठलं टेबल द्यायचं आणि कुठलं नाही, या बाबतीत दोन्ही भाषांचं कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

पाणीपुरवठ्याचं टेबल मला सहज मिळालं नव्हतं. आधी मी टपाल पाहिलं, मग जन्ममृत्यूच्या नोंदी, मग रजा आणि पगारबिलं. आधीचे केस वर्कर, म्हणजे त्या टेबलाचे कारकून, निवृत्त झाले आणि ते टेबल कुणालाच नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं. उन्हाळ्यात लोक भांडायला यायचे, रिकामे घडे ऑफिसच्या दारात आपटायचे. मी सहा वर्षं ते काम केलं. कुठल्या गावची बोअर मार्चमध्ये आटते, कुठल्या टाकीला तडा आहे, कुठली मोटर किती वेळा जळली हे मला फाईल न उघडता सांगता यायचं. स्कूटी घेऊन मी गावोगाव जायचे. चिखलात घसरून एकदा मनगट मोडलं, तरी प्लॅस्टर घालून टिप्पण्या लिहिल्या.

आदेश घेऊन मी साहेबांकडे गेले. विचारलं की जेंडरचं काम मी करीन, पण पाणी का काढलं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि अगदी मायेनं समजावलं. लेडीज स्टाफनं गावोगाव हिंडणं बरं दिसत नाही. कंत्राटदारांच्या मीटिंगा संध्याकाळी असतात, आणि महिला कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या वेळेनंतर थांबवू नये असं आता वरूनच आलंय. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? शिवाय हे नवं काम महिलांचं आहे, ते महिलेनंच करायला हवं. पॉलिसी तुमच्याच भल्याची आहे मेडम, असं म्हणून त्यांनी दुसरी फाईल उघडली.

माझं टेबल ज्याला मिळालं तो माझ्याहून आठ वर्षांनी कनिष्ठ. टिप्पणी कशी लिहायची हे तो माझ्याकडून शिकलेला. माणूस वाईट नाही, हे मला मुद्दाम लिहायला हवं, कारण त्याचाही मला तेव्हा संताप यायचा. पहिल्या आठवड्यापासून तो माझ्याकडे येऊ लागला. आक्का, ह्या गावची मोटर किती एचपीची? आक्का, तो कंत्राटदार असं म्हणतोय, खरं काय? मी सांगायचे. सांगितलं नाही तर पाणी कुणाचं बंद होणार, हे मला ठाऊक होतं. म्हणजे काम माझंच चाललं होतं. फक्त सही त्याची होती, मीटिंगमध्ये खुर्ची त्याची होती आणि साहेब त्याला शाबासकी देत होते.

नोडल अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण बेळगावात एका हॉलमध्ये झालं. जिल्हाभरातल्या ऑफिसांतून आम्ही आलो होतो. एकूण एक बायका. दारात आमच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. उद्घाटनाला मोठे अधिकारी आले, सगळे पुरुष. दिवा लावला, बोलले आणि जेवणाआधी निघून गेले. मग बाहेरगावहून आलेल्या एका बाईंनी आम्हांला डोळे मिटायला लावलं आणि मनात एक इंजिनियर आणायला सांगितला. डोळे उघडल्यावर विचारलं, तुमच्या मनात पुरुष आला की बाई? सगळ्यांनी पुरुष म्हटलं. बाई समाधानानं हसल्या. पाहिलंत, म्हणाल्या, भेदभाव आपल्याच मनात असतो.

मला तिथंच उठून बोलावंसं वाटलं. माझ्या मनात पुरुष इंजिनियर आला कारण आमच्या ऑफिसात पुरुषच इंजिनियर होता. त्यात माझ्या मनाचा काय दोष? पण मी बोलले नाही. वहीत लिहून घेतलं, भेदभाव मनात असतो.

दुपारी हात धुवायच्या नळापाशी रांग होती. माझ्या पुढं उभी असलेली बाई दुसऱ्या तालुक्यातली, माझ्याच वयाची. बोलता बोलता तिनं अगदी सहज विचारलं, तुमचं कुठलं टेबल काढलं? मी दचकले. पाणी, म्हटलं. तिचं बांधकामाचं गेलं होतं. तिच्या पुढची वळली आणि म्हणाली, माझं जमिनीच्या नोंदींचं. मागून कुणीतरी म्हणालं, माझ्याकडं कॅश होती. आम्ही चौघी ओल्या हातांनी एकमेकींकडे बघत राहिलो. आपल्या ऑफिसात आपल्यालाच असं झालं, असं प्रत्येकीला वाटत होतं. प्रत्येकीला तिच्या साहेबांनी मायेनं समजावलं होतं. जेवणानंतर आम्ही परत हॉलमध्ये जाऊन बसलो. शेवटी ग्रुप फोटो झाला. त्यात मीही हसले आहे.

त्या प्रशिक्षणातून एक फॉर्म आला. ऑफिसच्या प्रत्येक योजनेत महिलांचा वाटा किती, हे त्यात भरायचं. पेन्शनचं, शौचालयांचं भरता येत होतं, नावं होती. पण रस्त्याचं काय भरू? बोअरवेलचं काय? साहेबांना विचारलं. ते म्हणाले, रस्त्यावरून चालणाऱ्यांत निम्म्या बायका असतातच की, निम्मा लिहा. पाणी तर बायकाच भरतात, सगळंच्या सगळं त्यांच्या नावावर टाका. एका दुपारी बसून मी तो फॉर्म भरला आणि आमच्या तालुक्यात कागदावर समानता आली. पाण्याच्या योजनांत तर बायका पुरुषांच्या पुढं निघून गेल्या.

त्यानंतर महिला ग्रामसभा घ्यायच्या होत्या. मुख्य ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यायची, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं, असा नियम आहे. नियम चांगला आहे. मला तो आवडला होता. मी पहिल्या सभेला गेले ते गाव मला पाण्यामुळं चांगलं माहीत होतं. सभा शाळेच्या व्हरांड्यात, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. बचत गटातल्या बायकांना सांगून आणलं होतं. पंचायतीच्या अध्यक्षाही बाईच, त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि कुणी काही विचारलं की पंचायतीच्या अधिकाऱ्याकडे बघत होत्या. तो तिथला रोजचा कारभार पाहणारा सरकारी माणूस. त्यानं योजनांची यादी वाचली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चहा येणार इतक्यात मागून एक बाई उठली.

चाळिशीची असेल. ती बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे कोअर करायला जायची. गावातल्या अशा पंधरा-वीस बायका रोज सातच्या बसनं उद्यमबागेला जात होत्या. त्यातली ही एकटीच त्या दिवशी खाडा करून आली होती, बाकीच्यांच्या वतीनं.

ती म्हणाली, “मॅडम, आमच्या गावात दिवसाआड पानी येतंय. अकराला सोडत्यात. आमी सातला जातो ते सांच्याला सातला येतो. मग ते पानी कुनासाठी सोडतासा?”

ती पुढं म्हणाली, “माजी पोरगी नववीत हाय. पान्याच्या दिवशी ती शाळंला जात न्हाय. घागरी भरत बसती. पहाटं साडेपाचला सोडा, एवढंच म्हननं हाय. दुसरं काय न्हाय.”

मी तिचं म्हणणं जसंच्या तसं वहीत उतरवलं. खरं सांगते, मला आनंद झाला. एका माणसानं साडेपाच तास आधी येऊन एक व्हॉल्व फिरवायचा होता. नवी योजना नको, मंजुरी नको. टाकी रात्रीच भरते हे मला माहीत होतं, कारण त्या मोटरची फाईल मीच सहा वर्षं वागवली होती. वॉटरमन अकराला पाणी सोडायचा, कारण तो शेजारच्या गावात राहायचा आणि चहापाणी करून निवांत यायचा. एवढंच कारण. माझ्या हाती टेबल असतं तर मी तिथूनच फोन लावला असता.

सभा संपल्यावर पंचायतीच्या अधिकाऱ्यानं कार्यवृत्त माझ्यापुढं ठेवलं. आधीच टाइप केलेलं होतं. सभेची तारीख तेवढी हातानं लिहिली होती. उपस्थित महिलांनी शासनाच्या योजनांबद्दल समाधान व्यक्त केले, असा मजकूर. मी म्हटलं, पाण्याच्या वेळेचं यात घ्या. तो म्हणाला, एवढ्याशा गोष्टीसाठी कागद कशाला बदलायचा मेडम, मी वॉटरमनला तोंडी सांगतो की. आजच वर पाठवायचंय, तुमच्या साहेबांचा दोनदा फोन आला. मी घड्याळ पाहिलं. मला परतीची बस गाठायची होती. मी सही केली.

यातला बराचसा राग दुसऱ्यांवरचा आहे, पण ही सही माझी आहे. तिच्याबद्दल मला दुसऱ्या कुणावर रागावता येत नाही.

महिनाभरानं उद्यमबागेच्या बसथांब्यावर ती बाई भेटली. संध्याकाळची वेळ, कामगारांची गर्दी, मी बदली बससाठी उतरले होते. तिच्या हातांच्या रेघांत काळी वाळू होती. तिनं मला ओळखलं. नमस्कार वगैरे काही केला नाही.

“मॅडम, तुमी लिवून घेतल्यालं कुठं गेलं?”

मी म्हटलं, सांगितलंय त्यांना.

“अजून अकरालाच सोडत्यात,” ती म्हणाली. “माज्याबरोबरच्या इचारत्यात, खाडा करून काय मिळालं. मी काय सांगू?”

तिची बस आली, ती चढली. मी उभी राहिले. माझी बस माझ्यासमोरून निघून गेली आणि मला ती दिसलीच नाही.

त्या रविवारी मी निपाणीला आईकडे गेले. आई आता थकली आहे. तरुणपणी ती तंबाखूच्या वखारीत कामाला होती. त्या धुरळ्यानं छाती खराब झाली ती कायमचीच. माझी सरकारी नोकरी म्हणजे तिला फार मोठी गोष्ट. पंख्याखाली बसून काम करतेस, असं ती शेजारणींना माझ्यादेखत सांगते. मी तिला नोडलचं, पेढ्याचं, फॉर्मचं सगळं सांगितलं. ती हसली. मग सभेचं सांगितलं. ती हसायची थांबली.

“आन् तू सही केलीस व्हय?”

मी म्हटलं, आधीच टाइप केलेलं होतं गं.

“वाचलं न्हवतंस?”

वाचलं होतं.

आई थोडा वेळ खोकत राहिली. मग म्हणाली, “आमास्नी सही येत न्हवती. पर आंगठा लावायच्या आदी आमी इचारायचो, काय लिवलंय म्हनून. वखारीच्या दिवानजीला चारदा वाचाय लावायचो. तुला तर वाचाय येतंय गं.”

तिला मला टोचायचं नव्हतं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. तेच मला जास्त लागलं. परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले आणि त्यानंतर रडू थांबलं आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. घरी पोचले ती कपाटातून आदेशासोबत आलेलं ते नोडलवालं परिपत्रक काढलं. मिळाल्यापासून ते मी नीट वाचलंच नव्हतं. वाचलं. त्यात चक्क लिहिलं होतं की स्त्री असल्याच्या कारणावरून कुठल्याही महिला कर्मचाऱ्याला कुठल्याही कामापासून दूर ठेवू नये. ज्या कागदाचं नाव सांगून माझं टेबल काढलं, त्याच कागदात ते काढू नये असं होतं. साहेबांनी परिपत्रकातली पहिली ओळ वापरली होती. आठवी ओळ वाचायला कुणी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी मी अर्ज लिहिला. कानडीत, एका पानाचा. परिपत्रकातलं ते वाक्य उतरवून दिलं. माझं पाणीपुरवठ्याचं काम मी स्त्री आहे म्हणून काढलं आहे, ते परत मिळावं. दुसऱ्या परिच्छेदात महिला ग्रामसभेचं चुकीचं कार्यवृत्त आणि त्यावरची माझी सही, दोन्ही कबूल केलं. साहेबांमार्फत वरच्या ऑफिसला पाठवला. साहेबांनी वाचला, पुढं पाठवा असा शेरा मारला. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. शिपायाकडून निरोप यायचे.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ऑफिसात टपाल पाहणाऱ्या मुलीनं पाकीट माझ्यापुढं ठेवलं. माझाच अर्ज परत आला होता. त्यावर वरच्या ऑफिसचा शेरा होता, विषय लिंगसमानतेशी संबंधित असल्याने संबंधित नोडल अधिकाऱ्यांनी चौकशी करून अहवाल सादर करावा.

संबंधित नोडल अधिकारी मी होते.

ऑफिसात ही बातमी जेवणाच्या सुट्टीआधी पसरली. लोक हसले. माझं टेबल ज्याच्याकडे होतं तोही हसला आणि म्हणाला, आक्का, आता स्वतःलाच नोटीस काढा. मीही त्यांच्याबरोबर हसले असते. वीस वर्षं तेच केलं होतं. पण त्या दिवशी हसू आलं नाही. मला वाटलं, तुम्ही चौकशी करा म्हणताय ना. करते.

मी नवी फाईल उघडली, नंबर घातला. अर्जदार म्हणून माझा जबाब नोंदवला, खाली सही केली. चौकशी अधिकारी म्हणून समोर सही केली. मग माझ्या त्या सहकाऱ्याला नोटीस काढली. त्याला वाटलं गंमत आहे. मी म्हटलं, सात दिवसांत लेखी द्या, तुम्ही पाणीपुरवठ्याच्या कामात अर्जदाराची मदत घेता की नाही. तो लाल झाला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं लिहून दिलं, होय, घेतो. हे त्यानं खरं लिहिलं म्हणून तो वाईट माणूस नाही असं मी म्हणते.

मग साहेबांना नोटीस काढली.

त्यांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. हा काय पोरखेळ चालवलाय, म्हणाले. मी वरच्या ऑफिसचा शेरा त्यांच्यापुढं ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी बसायला सांगितलं नाही. त्यांनी तो शेरा वाचला. मग म्हणाले, लेखी पाहिजे ना, देतो. माझं काहीएक वाकडं होणार नाही.

त्यांनी खरंच लेखी दिलं. महिला कर्मचाऱ्यांवर घरगुती जबाबदाऱ्या असतात, फिरतीचं काम त्यांना झेपत नाही, सबब त्यांच्या हितासाठी बदल केला, असं स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही आणि शिक्का. यात काही चुकीचं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. मी ते वाचलं आणि माझा राग एकदम थंड, घट्ट झाला. सहा वर्षांतल्या माझ्या फिरतीच्या नोंदी मी त्याला जोडल्या. मनगट मोडलं त्या आठवड्यातल्याही. शेवटी निष्कर्ष लिहिला, तक्रारीत तथ्य आहे, काम परत द्यावे, महिला ग्रामसभेचे कार्यवृत्त दुरुस्त करावे. या वेळी अहवाल साहेबांमार्फत पाठवला नाही. नोडल अधिकाऱ्याला थेट पाठवता येतो, हेही त्याच परिपत्रकात होतं. मी स्वतः बेळगावला जाऊन पोच घेतली.

काही दिवसांनी वरच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी बोलावलं. जिल्ह्यात त्यांचं नाव आहे. त्यांच्या जागेवर पोचलेल्या बायका आमच्याकडे फार नाहीत. मला वाटलं, आता ऐकून घेणारं कुणी भेटलं. त्यांनी दार लावायला सांगितलं, चहा मागवला आणि समजावू लागल्या. हे सगळं त्यांनीही सोसलंय. थोडं सांभाळून घ्यावं लागतं. साहेबांची निवृत्ती जवळ आली आहे, शेवटी शेवटी त्यांच्या फाईलीत असलं काही कशाला. आणि बाईच तक्रारी करायला लागली की पुढच्या वेळी बाईला घ्यायलाच लोक बिचकतात.

सूर तोच होता. तीच माया. मला पेढ्याची गोड चव आली. मी कप खाली ठेवला आणि माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला.

“मॅडम, तुमचं कुठलं टेबल काढलं होतं?”

मी ठरवून विचारलं नव्हतं. रागावतील असं वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“सर्व्हे,” त्या म्हणाल्या. “लग्न ठरलं होतं माझं. म्हणाले, आता उन्हात कशाला हिंडता.” आणि मग, “मी अर्ज केला नाही.”

चहा पिऊन झाल्यावर मी उठले.

आठ दिवसांत आदेश आला. पाणीपुरवठ्याचं काम मला परत. सध्याच्या कामकाजासह, असं त्यात होतं. म्हणजे जेंडरही माझ्याकडेच आणि पाणीही. एका माणसाची दोन टेबलं. माझ्या सहकाऱ्याकडे मग काय काम उरलं, हे मी विचारलं नाही.

पहिली टिप्पणी मी त्या गावच्या पाण्याची लिहिली. पंचायतीच्या अधिकाऱ्यानं पंधरा दिवस टाळाटाळ केली. वॉटरमन म्हणे पहाटे येऊ शकत नाही. मी लेखी विचारलं, का नाही. मग येऊ लागला. एक दिवस मी स्कूटीवरून साडेपाचला जाऊन बघून आले. नळांपाशी बायका होत्या, गडबडीत होत्या, माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. ती फाउंड्रीतली बाई दोन घागरी घेऊन समोरून गेली. तिनं मान हलवली. आभार वगैरे मानले नाहीत आणि ते योग्यच होतं. तीन महिने नीट चाललं, मग वेळ सरकत सरकत आठवर गेली. मी परत लिहिलं. परत साडेपाच झाले. आजही अधूनमधून लिहावं लागतं.

त्या वर्षी महिला दिनाच्या कार्यक्रमात आमच्या ऑफिसची यशोगाथा वाचून दाखवली. ऐका काय वाचलं ते. साहेबांच्या मार्गदर्शनाखाली महिला ग्रामसभेत आलेल्या मागणीची तातडीनं दखल घेऊन पाण्याची वेळ बदलण्यात आली. साहेबांचा सत्कार ठेवला होता. पुष्पगुच्छ द्यायला माझं नाव पुकारलं. कार्यक्रम कामाच्या दिवशी सकाळी अकराला होता, त्यामुळं जिनं मागणी केली ती बाई उद्यमबागेत वाळू कालवत होती; तिला बोलावण्याचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठले नाही. माझं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. शेजारची मला कोपरानं ढोसत होती. मी समोर बघत बसून राहिले. शेवटी टपालवाली मुलगी धावत गेली आणि तिनं गुच्छ दिला. फोटोत तीच आहे.

साहेब निवृत्त झाले. नवे साहेब तरुण आहेत, चांगलं बोलतात. आल्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला बोलावून कामाची वाटणी विचारली. जेंडरचं काम कुणाकडे, असं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, सध्या माझ्याकडे आहे, पण ते आता एखाद्या पुरुष कर्मचाऱ्याकडे द्यावं, आणि माझ्या त्या सहकाऱ्याचं नाव घेतलं. सगळे हसले. साहेबही हसले. त्यांना मी विनोद केला असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर टिप्पणी लिहिली. हे काम फक्त महिलेनंच करावं असं परिपत्रकात कुठंही नाही, ओळ क्रमांकासह. ती टिप्पणी साहेबांच्या टेबलावर अजून तशीच आहे. नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. बघू, म्हणतात. दर सोमवारी मी तिला एक स्मरणपत्र जोडते. फाईल आता बरीच जाड झाली आहे.